टेकड्यांच्या शहरात वीस फूट जागा

सॅन फ्रान्सिस्कोचा नकाशा आणि सॅन फ्रान्सिस्को शहर या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. नकाशात बुद्धिबळाच्या पटासारखे, एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते दिसतात. प्रत्यक्षात मात्र हा पट चाळीसएक टेकड्यांवर तसाच्या तसा अंथरलेला आहे. रस्ते आखणाऱ्याने टेकडीला वळसा घालण्याचे सौजन्य दाखवले नाही. तो सरळ वर चढला आणि सरळ पलीकडे उतरला. फिल्बर्ट स्ट्रीटचा एक तुकडा तर शंभर फुटांना साडेएकतीस फूट या हिशेबाने चढतो. अशा चढांवर घोड्यांचे फार हाल होत. म्हणून १८७३ साली येथे जमिनीखालच्या दोराने ओढली जाणारी केबल कार सुरू झाली, आणि तिचे थोडे मार्ग आजही शिल्लक असून घंटा वाजवीत त्या गाड्या टेकड्या चढतात. पश्चिमेला पॅसिफिक महासागर, उत्तरेला गोल्डन गेटची सामुद्रधुनी आणि पूर्वेला उपसागर अशा तीन बाजूंच्या पाण्याने वेढलेले हे शहर सुमारे सात मैल लांब आणि सात मैल रुंद. एवढ्यात आठ लाखांवर माणसे राहतात. पसरायला जागा नाही, आणि येथे येणाऱ्यांचा ओघ थांबत नाही.

पायी हिंडताना माझे लक्ष प्रथम वेधले ते उभ्या गाड्यांच्या चाकांनी. ओळीने लावलेल्या सगळ्या गाड्यांची पुढची चाके एकाच बाजूला तिरकी वळवलेली. ही शिस्त हौसेची नव्हे, कायद्याची आहे. तीन टक्क्यांहून अधिक उतार असेल तेथे, गाडीचे तोंड उताराकडे असल्यास चाके पदपथाकडे आणि चढाकडे असल्यास रस्त्याकडे वळवावी लागतात. हातब्रेक सुटला तरी गाडी पदपथाच्या कडेला अडकून राहावी, घरंगळत चौकात जाऊ नये, हा हेतू. पदपथाच्या कडाही रंगवलेल्या आहेत. लाल कडेशी थांबायचेच नाही. पिवळी कड मालाची चढउतार करणाऱ्यांसाठी, पांढरी माणसांना चढण्या-उतरण्यापुरती, हिरवी थोड्या मिनिटांच्या कामासाठी आणि निळी अपंगांसाठी. शिवाय जागोजाग पाट्या: अमुक वारी अमुक वेळेत रस्ता झाडला जाईल, गाड्या हलवाव्या. वस्तीच्या अनेक भागांत रहिवाशांना वेगळे परवाने. ही पद्धत १९७६ सालापासूनची. रस्त्याची कड वाचता येणे ही या शहरात साक्षरतेचीच एक इयत्ता मानावी लागेल.

माझा भाचा या शहरात गेली सात वर्षे नोकरीला आहे. इंदूरहून निघताना ताईने, म्हणजे त्याच्या आईने, माझ्यावर एक कामगिरी सोपवली होती. "चांगली नोकरी सोडून हा गाड्यांना जागा दाखवण्याचा धंदा काढणार म्हणतो. तू जातोच आहेस, तर नीट बघून ये आणि काय ते मला सांग," असे तिचे शब्द. भाचा आणि त्याचे दोन मित्र मिळून एक ॲप तयार करू पाहत होते. मोटार चालवणाऱ्याने कोठे जायचे ते मोबाइलवर सांगावे आणि जवळची मोकळी जागा ॲपने त्याला दाखवावी, एवढीच कल्पना. साठवलेले पैसे त्यात घालायचे आणि वर्षभर बिनपगारी काम करायचे असे त्यांचे ठरत आले होते. त्यामुळे या प्रवासात मी पूल आणि संग्रहालये पाहिली तशीच रस्त्याची कडही पाहिली, आणि शहर समजून घ्यायला ती वाट काही वाईट नाही असे माझे मत झाले.

भाच्याची कल्पना कोठून आली हे शनिवारी संध्याकाळी कळले. आम्ही नॉर्थ बीच या जुन्या इटालियन वस्तीत जेवायला निघालो होतो. कोलंबस ॲव्हेन्यूवर खाणावळींतून लसणीचा आणि भाजलेल्या पावाचा वास येत होता. परंतु गाडी लावल्याखेरीज त्या वासाचा उपयोग नव्हता. चोवीस मिनिटे आम्ही फिरत राहिलो. तेवढ्या वेळात वॉशिंग्टन स्क्वेअरसमोरच्या सेंट पीटर आणि सेंट पॉलच्या चर्चचे जुळे मनोरे मी पाच वेळा पाहिले. एक जागा दुरून मोकळी दिसली, जवळ जाताच तेथे मोटारसायकल निघाली. दुसरीच्या समोर आगीच्या बंबासाठीचा नळ होता. तिसरी कुणाच्या तरी गराजचे दार होते. हातात किल्ल्या घेऊन चाललेला माणूस दिसला की त्याच्यामागे दोन-तीन मोटारी गोगलगाईसारख्या सरपटू लागत. अखेर एका चढावर, गाडीच्या पुढेमागे वीतभर जागा राहील अशा बेताने, भाच्याने गाडी बसवली आणि चाके वळवून तो खाली उतरला.

"मामा, जागा नाही असे नाही. ती कुठे आहे ते कळत नाही, एवढेच," तो म्हणाला.

त्याच्या म्हणण्याला आधार नव्हता असे नाही. शहराच्या वाहतूक खात्याने २०१४ च्या सुमारास मोजणी केली, तेव्हा केवळ रस्त्याच्या कडेला सुमारे पावणेतीन लाख गाड्यांच्या जागा भरल्या. या सगळ्या एका ओळीत मांडल्या तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापेक्षा लांब रांग होईल. आणि तरीही लोक चर्चला प्रदक्षिणा घालत राहतात. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. २०२५ मध्ये ते वारले. वाहने उभी करण्याच्या प्रश्नावर त्यांनी सारी हयात घालवली आणि २००५ साली त्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. विद्यापीठाजवळच्या वेस्टवुड या छोट्या बाजारपेठेत त्यांनी पाहणी केली, तेव्हा एकेका गाडीला जागा शोधण्यास सरासरी ३.३ मिनिटे लागतात असे आढळले. ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु सगळ्या गाड्यांचा वर्षाचा हिशेब केला तेव्हा या शोधापायी साडेनऊ लाख मैल जास्तीचे धावणे होत होते. पृथ्वीभोवती अडतीस प्रदक्षिणा होतील एवढे ते अंतर! तेही पंधरा गल्ल्यांच्या टापूत.

शूप यांचे मुख्य प्रतिपादन मात्र जागा कमी असण्याबद्दल नव्हते. रस्त्याच्या कडेची जागा फुकट किंवा फार स्वस्त असली की ती सकाळीच भरते आणि दिवसभर भरलेलीच राहते, असे ते सांगत. म्हणून भाडे असे ठेवावे की शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जागा भराव्यात आणि दोन चौकांमधल्या प्रत्येक बाजूला एखादी तरी मोकळी राहावी. भाड्याची ही कल्पना तशी जुनीच. नाणे टाकून चालणारा पहिला मीटर १९३५ च्या जुलैमध्ये ओक्लाहोमा सिटी येथे बसला, कारण बाजारातील जागा दिवसभर अडवल्या जात आणि गिऱ्हाइकाला थांबायला कोठे मिळत नसे. सॅन फ्रान्सिस्कोत मीटर आले १९४७ साली. त्याआधीच, १९४२ मध्ये, येथील युनियन स्क्वेअर या चौकाच्या पोटात मोटारींसाठी तळघर खोदून झाले होते. वर ताडाची झाडे आणि कबुतरे, खाली मजल्यावर मजले मोटारींचे. आजही पर्यटक चौकात छायाचित्रे काढत उभे असतात, तेव्हा त्यांच्या पायांखाली शेकडो गाड्या विसावलेल्या असतात.

भाच्याला मी विचारले, "जागा मोकळी झाली हे तुमच्या यंत्राला कळणार कसे?" प्रश्न साधा होता, पण सारा खर्च त्याच्या उत्तरात होता. भाच्याने पुढल्या दोन रविवारी मला त्याचे उत्तर शहरभर हिंडवून दाखवले.

पहिले उत्तर आम्ही मरीना, फिल्मोर आणि मिशन या भागांतून चालताना पाहिले, किंवा खरे म्हणजे त्याच्या खुणा पाहिल्या. २०११ साली शहराच्या वाहतूक खात्यानेच एसएफपार्क नावाचा एक प्रयोग सुरू केला होता. केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे दोन कोटी डॉलर दिले. मीटर असलेल्या सुमारे सात हजार जागा प्रयोगासाठी निवडल्या, आणि रस्त्याच्या पृष्ठभागात लहान लहान संवेदक पुरले. डोक्यावर मोटारीचे लोखंड आले की आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो. तो ओळखून जागा भरली की रिकामी, हे संवेदक कळवीत. ती माहिती एका ॲपवर सर्वांना पाहायला मिळे. म्हणजे माझ्या भाच्याला जे करायचे होते ते सरकारी पैशाने, सरकारी रस्त्यावर, बरीच वर्षे आधी करून झाले होते.

त्याबरोबर खात्याने दुसरीही गोष्ट केली. प्रत्येक गल्लीचे भाडे गर्दीवर ठरवायला आरंभ केला. जागा ऐंशी टक्क्यांहून अधिक भरत असतील तेथे ताशी पाव डॉलर वाढवायचा. साठ ते ऐंशीच्या दरम्यान असल्यास भाडे तसेच ठेवायचे. त्याखाली असल्यास उतरवायचे. दर काही आठवड्यांनी हा फेरविचार होई. याचा परिणाम असा झाला की मुख्य रस्त्यावरचे भाडे चढले आणि दोन गल्ल्या आतले उतरले. ज्याला घाई तो जवळ थांबे, ज्याला पैसे वाचवायचे तो चार पावले चालून येई. वाचकांना वाटेल की ही खिसा कापण्याची युक्ती. पण प्रयोगाच्या काळात मीटरचे सरासरी भाडे किंचित खालीच आले. २०१४ मध्ये अहवाल निघाला. प्रयोगाच्या भागांत जागा शोधण्याचा वेळ ४३ टक्क्यांनी घटला होता. जेथे प्रयोग नव्हता अशा तुलनेच्या भागांत १३ टक्क्यांनी. शोधासाठीचे धावणे ३० टक्क्यांनी कमी झाले. इतरत्र ६ टक्क्यांनी.

परंतु संवेदकांची कथा निराळी आहे. त्यांच्या विजेऱ्या संपत. डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या ट्रॉलीगाड्यांच्या तारा आणि जमिनीखालच्या वाहिन्या यांमुळे त्यांचा गोंधळ होई. २०१३ च्या अखेरीस हे संवेदक बंद करण्यात आले, आणि रस्त्याच्या कडेची मोकळी जागा घटकेघटकेला दाखवण्याचे काम तेथेच थांबले. भाडे ठरवण्याची पद्धत मात्र टिकली. मीटरमध्ये किती पैसे पडतात यावरून गर्दीचा अंदाज बांधता येतो असे खात्याला कळून चुकले होते, आणि २०१८ मध्ये ती पद्धत शहरातल्या सगळ्या मीटरांना लागू झाली. मला यातला अर्थ असा दिसला की रस्त्याला बसवलेले डोळे मिटले तरी जागा मिळण्याची सोय गेली नाही. कारण प्रत्येक गल्लीत एखादी जागा मोकळी राहील अशी व्यवस्था असेल, तर ती दाखवायला वाटाड्याची गरज थोडी. आणि सगळ्या जागा भरलेल्या असतील तर वाटाडा तरी काय दाखवणार?

मिशनमधून परतताना मी भाच्याला हेच विचारले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "याहून मोठी अडचण आहे, मामा. एक जागा सुटली असे आम्ही दहा जणांना सांगितले, तर दहाही जण तिकडे धावतात. एकाला मिळते, नऊ जण आम्हाला शिव्या देतात." नॉर्थ बीचमध्ये सुटलेली जागा किती वेळ मोकळी राहते हे मी पाहिले होते. एक मिनिट म्हणजे पुष्कळ झाले. ज्या बातमीचे आयुष्य मिनिटभराचे, ती विकायची म्हणजे बर्फाचा धंदा उन्हात मांडण्यासारखे. गूगलसारख्या बलाढ्य कंपनीनेही २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील पंचवीस शहरांसाठी आपल्या नकाशात सोय केली, ती फक्त जागा मिळणे सोपे की कठीण एवढे सांगण्यापुरती. मुक्कामाशी पोहोचूनही लोकांचे मोबाइल आसपास घिरट्या घालतात का, यावरून तो अंदाज बांधलेला. अमुक घरासमोर जागा आहे असे वचन तिनेही दिले नाही.

दुसरे उत्तरही मिशनचेच. २०१४ साली मंकीपार्किंग नावाचे एक ॲप येथे आले. मूळ इटलीतील तरुणांचे. त्याची युक्ती अशी की, रस्त्यावर गाडी लावलेल्या माणसाने मी निघतो आहे असे जाहीर करावे, आणि ज्यांना जागा हवी त्यांनी बोली लावावी. पाच, दहा, वीस डॉलर. जो जास्त देईल तो येईपर्यंत पहिल्याने जागा अडवून थांबायचे. आणखी एका कंपनीने तर मिशनमधील जागा गर्दीच्या वेळी अडवून बसण्यासाठी ताशी तेरा डॉलर मजुरीवर चालक नेमण्याची जाहिरात दिली, असे शहराच्या वकिलाने तेव्हा सांगितले. जून २०१४ मध्ये डेनिस हरेरा या सरकारी वकिलांनी मंकीपार्किंगला नोटीस पाठवली. रस्त्यावरची जागा भाड्याने देणे वा विकणे शहराच्या कायद्याने मना आहे. असा सौदा करणाऱ्या चालकाला तीनशे डॉलरपर्यंत आणि कंपनीला प्रत्येक सौद्यामागे अडीच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकेल, असे तीत बजावले होते. आम्ही जागा विकत नाही, केवळ माहिती विकतो, असा कंपनीचा बचाव. तो टिकला नाही. थोड्याच आठवड्यांत बोलीचा व्यवहार तिने येथे थांबवला.

हा बचाव वरवर पाहता चतुर आहे. सुटणाऱ्या जागेची बातमी ही माझीच बातमी. ती मी कुणालाही सांगेन. पण बोली लागली की बातमी आणि जागा यांतले अंतर नाहीसे होते. गिऱ्हाईक यावे म्हणून गाडी अडवून ठेवली जाते, आणि जी जागा पहिल्या येणाऱ्याची होती ती पैसेवाल्याची होते. मीटरचे भाडेही पैसेच मागते हे खरे. परंतु तो पैसा शहराच्या तिजोरीत जातो आणि दर सर्वांना सारखा असतो.

आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल एका वेगळ्या अंगाने लागलेला आहे, हे मी भाच्याला सांगितले. मुंबईतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला. इमारतीखालची खांबांमधली जागा आणि मोकळ्या अंगणातली जागा हा सामाईक भाग आहे; बांधणाऱ्याला ती गाडीचे गराज म्हणून वेगळी विकता येणार नाही. निकालाचा विषय इमारतीचा, रस्त्याचा नव्हे. पण जे सर्वांचे आहे ते एकाने विकू नये, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच. भाच्याने तो निकाल त्याच रात्री शोधून वाचला.

तिसरे उत्तर उपसागराच्या काठी, बेसबॉलच्या मैदानाजवळ मिळाले. सामन्याच्या दिवशी येथे गाडी लावणे म्हणजे आषाढी एकादशीला पंढरपुरात खोली मागण्यासारखे. २००६ साली अँथनी एस्किनाझी नावाचा एक इंग्रज तरुण सामना पाहायला येथे आला असता जागेसाठी हिंडत होता. हिंडता हिंडता त्याच्या ध्यानात आले की आसपासच्या घरांपुढचे गाडीवाट असलेले अंगण तर मोकळेच आहे. घरमालक कामावर गेलेला, अंगण रिकामे, आणि बाहेर रस्त्यावर गाड्यांची रांग. मालकाला दोन पैसे मिळाले तर तो अंगण का देणार नाही? लंडनला परतल्यावर त्याने त्याच वर्षी ही सेवा सुरू केली, आणि पुढे जस्टपार्क या नावाने ती वाढली. येथे बातमीचे आयुष्य मिनिटाचे नाही. अंगण सकाळी नऊपासून सहापर्यंत मोकळे राहणार हे आदल्या दिवशीच ठाऊक असते. एकाने घेतले की दुसऱ्याला दाखवले जात नाही. आणि मुख्य म्हणजे, जो देतो त्याची ती जागा असते.

येथेही एक बारकावा आहे. घरापुढे गाडीवाट काढायची तर पदपथाची कड उतरती करावी लागते, आणि त्या तोंडाशी दुसऱ्याने गाडी लावायची नसते. म्हणजे एका खाजगी गराजापायी रस्त्यावरची एक सार्वजनिक जागा जाते. सामाईक आणि खाजगी यांची रेघ शहरात आपण समजतो तितकी सरळ कधीच नसते.

व्हॅलेन्शिया स्ट्रीटवर आम्ही कॉफी पिण्यास थांबलो, तेव्हा बसलो होतो ते रस्त्यातच. पदपथाला लागून, जेथे एरवी मोटार उभी राहिली असती, तेथे लाकडी तक्तपोशी करून बाके आणि कुंड्या मांडल्या होत्या. यालाही इतिहास आहे. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये रीबार नावाच्या कलावंतांच्या एका गटाने शहराच्या मध्यभागी मीटरमध्ये रीतसर नाणी टाकली, आणि मोटारीऐवजी त्या जागेत हिरवळीचा तुकडा, एक बाक आणि एक झाड आणून ठेवले. वेळ संपेपर्यंत येणारेजाणारे तेथे टेकले. मग सारे गुंडाळून ते निघून गेले. कल्पना लोकांच्या मनात भरली, आणि २०१० पासून शहर स्वतःच अशा बैठकींना परवाने देऊ लागले. सुमारे वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी ती जागा. एका मोटारीला पुरते, किंवा आठ-दहा माणसांना बसायला. आमच्या शेजारी एक म्हातारे जोडपे उन्हात बसून वर्तमानपत्र वाचत होते. मोटार शोधत हिंडणाऱ्याला ते जोडपे अडथळा वाटेल, आणि त्या जोडप्याला मोटार. दोघांचेही म्हणणे ऐकण्याचे काम ॲपचे नाही. ते शहराचे आहे.

शेवटच्या आठवड्यात भाचा आणि त्याचे मित्र एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती कागद घेऊन बसले. मी पोहे केले आणि ऐकत राहिलो. रस्त्यावरची जागा दाखवण्याचा भाग त्यांनी पुष्कळ वादानंतर बाजूला ठेवला. त्याऐवजी कचेऱ्यांची संध्याकाळी ओस पडणारी आवारे, शाळांची सुट्टीतली मैदाने, चर्चचे आठवडाभर मोकळे असणारे वाहनतळ यांच्या मालकांशी आधी बोलायचे, दहा मालक तयार झाले तरच पुढे जायचे, आणि तोवर नोकरी सोडायची नाही, असे ठरले. एक मित्र नाराज झाला. त्याच्या मते हे काम ॲपचे कमी आणि दारोदार हिंडण्याचे जास्त होते. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तो पुढे त्यांच्याबरोबर राहील की नाही, हे मी निघालो तेव्हा ठरायचे होते.

ताईला मी जे सांगितले ते थोडक्यात असे: मुलाची कल्पना वेडगळ नाही. गाडी लावायला जागा न मिळणे हे खरे दुखणे आहे, आणि खऱ्या दुखण्यावर औषध शोधणाऱ्याला हसू नये. पण जागेची बातमी म्हणजे जागा नव्हे, हे आता त्याला कळले आहे. आणि जी जागा आपण दुसऱ्याला देऊ करतो ती देण्याचा अधिकार कुणाचा, हे तो आधी विचारू लागला आहे. तिला यातले पहिले वाक्य आवडले नाही आणि शेवटचे आवडले. आईचे मन ते. एवढ्यावर तिचे समाधान होणार नव्हते, आणि व्हावे असेही मला वाटले नाही.

परतल्यावर राजवाड्याकडे गेलो, तेव्हा हा सारा प्रवास डोक्यात होता. होळकरांच्या त्या सात मजली दरवाज्यासमोरचे रस्ते पालख्या, घोडे आणि पायी माणसे यांच्या मापाने आखलेले. आज तेथे मोटारी कोपर कोपराला लावून उभ्या असतात. बडोद्याच्या मांडवीची, ग्वाल्हेरच्या लष्करची किंवा बेळगावच्या जुन्या पेठेची वाचकमंडळी याहून वेगळे काही सांगणार नाहीत. आपल्या पूर्वजांनी वाडे बांधले त्या गल्ल्या रुंद होण्यासारख्या नाहीत, आणि त्या पाडून रुंद कराव्यात असेही कुणी म्हणू नये. तेव्हा उपाय निघायचा तो आहे त्याच जागेच्या वाटणीतून.

या वाटणीचा एक धडा इंदूरकरांना घरच्या घरी मिळतो. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार चालतात. रात्री दुकानांची दारे ओढली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया तापतात. भुट्ट्याचा कीस, जिलेबी, हिवाळ्यात गराडू, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी. जागा तीच, दिवसा एकाची, रात्री दुसऱ्याची. तेथे जागा कुणी शोधून काढली नाही. सराफ आणि खाद्यपदार्थवाले यांनी वेळा वाटून घेतल्या, आणि दोघांचेही चालले. कुणी ओटा अडवून बसला आणि त्याचा लिलाव करू लागला, तर हा बाजार आठवडाभरात मोडेल.

आपल्या घरांतली मुले आज अशा कल्पना घेऊन येतात. कुणी बडोद्यात, कुणी हैदराबादेत, कुणी सातासमुद्रांपलीकडे. वडीलधाऱ्यांना त्यातले यंत्र समजेलच असे नाही, आणि समजलेच पाहिजे असेही नाही. पण ही मोकळी जागा कुणाची, आणि तू ती दाखवलीस की ज्याच्यापाशी मोबाइल नाही त्याच्या वाट्याला काय उरते, हे दोन प्रश्न विचारायला यंत्र समजावे लागत नाही. ते घरीच, जेवणाच्या पानावर, नोकरीचा राजीनामा लिहिण्यापूर्वी विचारलेले बरे.